मूग पास, साखर नापास

साखर नापास झाली म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. जुन्या जालन्यात, मस्तगडात, एका गल्लीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान आहे. पाटी आहे, पण उन्हानं ती इतकी उडालीय की अक्षर लागत नाही. नवी करून घ्या म्हटलं तर म्हणायचे, "वाचायची कशाला? दिसून राह्यलं न्हाई का किराणा हाये ते? आत या."

साखर नापास केली होती माझ्या मुलीनं. तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. दुकानात तिच्यासाठी तेलाचा एक रिकामा डबा पालथा घातलेला असे, त्यावर बसून ती परीक्षा घ्यायची. काका एकेका पोत्याचं तोंड उघडायचे. ही हात घालायची, मूठभर बाहेर काढायची, नाकाशी न्यायची, एक दाणा जिभेवर ठेवायची आणि निकाल द्यायची. पास झालं की काका तो माल आम्हाला जोखून देत. नापास झालं की पोत्याचं तोंड सुतळीनं बांधून टाकत, आणि मग तो माल त्या दिवशी कुणालाच मिळत नसे.

त्या दिवशी एक बाई अर्धा किलो साखर मागायला आल्या. काका म्हणाले, "आज साखर नापास झालीये बाई. उद्या या."

"कुणी केली नापास?"

काकांनी डब्याकडे बोट दाखवलं. बाईंनी माझ्या मुलीकडे पाहिलं. तिच्या हनुवटीला मोहरीचे दोन दाणे चिकटले होते. बाई सरळ शेजारच्या दुकानात गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "काका, लेकरू आहे ते. काहीही बोलतं."

"मंग काय तुम्हाला विचारू? खाणारं कोण? ती. ती साठ-सत्तर वर्षं साखर खाईल अजून. मला तर डॉक्टरनं बंदच केलीये. तुमचंही पोट पाहून राह्यलो मी, तुमचीही होईल बंद."

असं बोलायचे. गिऱ्हाईक टिकावं म्हणून गोड बोलायचं असतं, हे त्यांना साठी उलटली तरी कुणी शिकवलं नव्हतं. यादी हातात घेतली की तीवर वाद घालायचे. तीन माणसांत इतका रवा कशाला, मागच्या महिन्याचे पोहे संपले का, घरात बघून आलात का. बिस्किटं त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली होती. मागितली की म्हणत, "शिडी मोडलीये." शिडी तिथंच भिंतीला टेकून असायची, चांगली धडधाकट. एकदा मी ती हलवून दाखवली, तर म्हणाले, "तुमच्या वजनाला चालती. माझ्या न्हाई चालत."

दुकानात आलेल्या लेकराशी ते आधी बोलत, मग मोठ्या माणसाशी. नाव मात्र विचारत नसत. नाव शाळेत लागतं, इथं पोस्ट लागती, असं त्यांचं म्हणणं. गल्लीतला एक मुलगा गुळाचा तहसीलदार होता. शेंगदाण्याला दोघी जुळ्या बहिणी नेमल्या होत्या, पण त्या निकाल देण्याआधीच माल संपवत, म्हणून बडतर्फ झाल्या. आमची मुलगी मुगाची इनिस्पेक्टर. बाकी मालाचा जादा कार्यभार होता, मूळ खातं मूग.

मूग हे त्यांच्या घरचं खातं. जाफराबादकडे भावांची शेती, तिथूनच तरुणपणी मुगाची दोन पोती घेऊन ते जालन्याला आले आणि दुकान मांडलं. अजूनही पावसाळा सरता सरता भावांकडून नवा मूग येतो. तो आला की काका दोन दिवस दुसऱ्या कशाचं बोलत नाहीत.

मी इथं कसा पोचलो ते सांगायला हवं. मी नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत आहे. बायको जाफराबाद तालुक्यातल्या शाळेत शिक्षिका. शनिवारी तिची सकाळची शाळा, एसटीनं परत यायला दोन वाजतात. मला शनिवारी सुट्टी. त्यामुळे किराणा आणि मुलगी ही दोन्ही कामं एकाच दिवशी माझ्या गळ्यात पडली. डाळ शिजते तर त्यांचीच, असं आमच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं म्हणून मी तिथं गेलो.

मूल सांभाळायची माझी एकच रीत होती. मोबाईल. जेवताना मोबाईल, केस कापताना मोबाईल, डॉक्टरकडे रांगेत मोबाईल. त्यात गाणारे हत्ती आणि नाचणाऱ्या भाज्या होत्या. मुलगी अर्धा तास हलत नसे आणि लोक म्हणत, किती शहाणी आहे. मीही म्हणायचो, हो, त्रास नाही बिलकुल.

पहिल्याच दिवशी मी काउंटरवर गोळ्यांच्या बरणीला मोबाईल टेकवला, मुलीला समोर बसवलं आणि यादी दिली. काकांनी यादी वजनाखाली ठेवली आणि हाताची घडी घालून बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"काय झालं काका?"

"लेकरू येऊ द्या."

"आलंय की. हे काय."

"हे कुठं आलंय? हे नुसतं बसलंय इथं. आलं न्हाई अजून."

मग त्यांनी मोबाईल उचलला. दुकानात वजनाचा नवा काटा होता, पण कोपऱ्यात जुनी तागडीही टांगलेली होती. एका पारड्यात मोबाईल ठेवला, दुसऱ्यात मापं टाकली, पारडं सारखं झाल्यावर म्हणाले, "दोनशे ग्रॅमला थोडं कमी." वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधली, दोऱ्याचे चार वेढे दिले आणि मुलीच्या हातात दिली. "हे सामान घरी गेल्यावर सोडायचं."

मुलीनं तोंड वासलं. आता गल्ली डोक्यावर घेणार, हे मला ठाऊक होतं. पण आवाज फुटायच्या आत काकांनी मुगाचं पोतं तिच्यापुढे ओढलं. "हात घाल. आत थंड हाये का पाह्य."

तिनं हात घातला. कोपरापर्यंत घातला. रडणं तसंच राहून गेलं. आत खरंच थंड असतं, मीही नंतर गुपचूप घालून पाहिला.

तर असे आमचे शनिवार सुरू झाले. मुलगी शुक्रवारी रात्रीच विचारायची, उद्या परीक्षा आहे ना? आठवडाभर ती घरातही डबे उघडून निकाल देत हिंडायची. आईच्या चहाला तिनं दोनदा नापास केलं. काकांचं हे सगळं मला आवडत होतं, खोटं कशाला सांगू. फक्त वेळ लागायचा. दीड तास. कधी पावणेदोन. शनिवारी गाडी धुवायची असते, बँकेचं काहीतरी असतं, आणि खरं सांगायचं तर नुसतं पडून राहायचं असतं. डब्यावर बसलेल्या साडेतीन वर्षांच्या बाईसाहेबांचा निकाल लागेपर्यंत मी दारात चुळबुळत उभा राहायचो. काका म्हणायचे, "भाऊ, बसा की. काय जल्दी हाये?"

एका शनिवारी ती फारच रंगात आली होती. मी मोबाईल काढून चित्रण सुरू केलं. काकांचं लक्ष गेलं.

"काय करून राह्यले?"

"तिच्या आईला दाखवायला. ती शनिवारी शाळेत असते ना, तिला हे कधी बघायला मिळत नाही."

काका थांबले. "आईसाठी हाये? मंग बराबर काढा." त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली, सदऱ्यावरचं पीठ झटकलं, माझ्या मुलीची हनुवटी पुसली आणि सगळी परीक्षा पहिल्यापासून पुन्हा घेतली. पोतं पुन्हा बांधून पुन्हा सोडलं. मधेच कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचं लेकरू लई हुशार हाये. तुम्ही काळजी करू नका." मग तिच्याकडे वळून, "घाल हात. हां. काय म्हणते मूग?" आणि ती म्हणते, पास. चार मिनिटांचा व्हिडिओ आहे. अजून माझ्याकडे आहे, म्हणून शब्दन् शब्द देता येतो. मुलगी आता तो बघत नाही, मीच कधीतरी बघतो.

बायकोनं तो त्याच दुपारी बघितला. बसनं आंबून आली होती, चप्पलही काढली नव्हती, दारातच उभ्यानं बघितला आणि हसता हसता डोळे पुसले. पुन्हा लाव म्हणाली. मुलगीही तिच्या कडेवरून बघत होती. मग मुलगीच म्हणाली, पुन्हा लाव. आणि पुन्हा. आणि पुन्हा.

आठवड्याभरात हत्ती आणि भाज्या मागे पडल्या. आमच्या मुलीला आता मोबाईलमधले आजोबा पाहिजेत. ते लावले की ती जेवते, केस कापून घेते, नखंसुद्धा. आणि मला एक गोष्ट सुचली, जी तेव्हा मला फार हुशारीची वाटली. नवीन जालन्यात एक मोठं दुकान आहे, ढकलगाडी घेऊन आपणच माल उचलायचा, तसलं. गाडीत लेकराला बसायला जागा असते. मी मोबाईल अडकवायचा एक चिमटा विकत घेतला, गाडीच्या दांडीला लावला आणि व्हिडिओ सुरू केला. वीस मिनिटांत महिन्याचा किराणा झाला. त्या चिमट्याचा मला अभिमान वाटत होता. एका बापानं थांबून विचारलं, कुठून घेतला, तर मी त्याला काढून दाखवला आणि कसा फिरतो तेही दाखवलं.

मनाला टोचू नये म्हणून मी स्वतःशी म्हणायचो, ती काही कार्टून बघत नाही. ती त्या काकांनाच बघतेय. तेच काका, तोच मूग, तीच परीक्षा. तिचं काय कमी झालं? असं म्हणत मी एक शनिवार घालवला, दोन घालवले, सहा घालवले. काकांचं काय होत असेल, हा प्रश्न या सहा शनिवारांत मला एकदाही पडला नाही. बायकोला पडला. "त्यांना माहीत आहे का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "त्यांना काय, गिऱ्हाईकं पुष्कळ आहेत."

एकदा ते मला चौकात भेटले. लांबूनच हाक मारली. "भाऊ, इनिस्पेक्टर कुठंय?"

"गावाला गेलीय," मी म्हणालो. "आजीकडे."

मुलगी घरी होती. तिथून तीनशे पावलांवर.

"आजीकडं गेली तर बरंय," काका म्हणाले. "राहू द्या तिला, जल्दी न्हाई. नवा मूग आल्ता परवा. पोतं ठेवलंय बांधून. तिनं पाह्यल्याबिगर सोडत न्हाई मी." मी हसलो. ते नेहमीसारखं काहीतरी बोलताहेत असं मला वाटलं.

मग एका संध्याकाळी घरमालकीणबाई जिन्यात तक्रार करत होत्या. "त्यांचं काय बिघडलंय कोण जाणे. मूग मागायला गेल्ते, तर देईनात. समोर भरलेलं पोतं, अन् म्हणतात, इनिस्पेक्टर आलं न्हाई अजून. हे कोण इनिस्पेक्टर?" मी म्हणालो, काय माहीत. आणि जिना चढून वर आलो.

त्या रात्री मी ठरवलं होतं, येत्या शनिवारी तिला घेऊन जायचंच. शनिवारी सकाळी उठायला उशीर झाला. म्हटलं, आजच्या दिवस मोठ्या दुकानातच जाऊ, पुढच्या शनिवारी नक्की.

डाळींच्या फळ्यांच्या रांगेत होतो. गाडीच्या दांडीवर व्हिडिओ चालू होता, आवाज मोठा. "घाल हात. हां. काय म्हणते मूग?" आणि समोर, रांगेच्या टोकाला, टोपी घातलेला एक म्हातारा माणूस मुगाचं पाकीट अंगठ्यानं दाबून बघत होता. आवाजासरशी त्यानं मान वळवली. काकांना आम्ही दिसलो ते नंतर. आधी त्यांना त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू आला होता.

ते जवळ आले. "हे तर मी हाये," म्हणाले.

मग मला म्हणाले, "चष्म्याच्या नंबरासाठी आल्तो इकडं. म्हटलं, मूग कसा ठेवतात पाहावं. प्लास्टिकातून वास येत न्हाई काही." मग गाडीत बघून, "इनिस्पेक्टर कधी आली आजीकडून?"

"कालच," मी म्हणालो. इतकं सगळं समोर दिसत असताना मी पुन्हा खोटं बोललो.

काकांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. पाकिटातल्या मुगाशी ताडून बघायला म्हणून की कशाला, खिशात त्यांनी त्यांचा मूग आणला होता. मूठ तिच्यापुढे धरली, उघडली. हिरवागार, बारीक, चकचकीत मूग. ते मोबाईलच्या आणि तिच्या मधे वाकले होते. "इनिस्पेक्टर बाई, नवा हाये. पाह्य बरं."

मुलीनं मान तिरकी करून त्यांच्या बाजूनं मोबाईलकडे बघायचा प्रयत्न केला. दिसेना, तेव्हा तिनं त्यांचा हात ढकलला. मूग फरशीवर सांडला, गाडीखाली गेला. ढकलताना तिचं बोट मोबाईलला लागलं आणि व्हिडिओ थांबला. ती रडायला लागली. "आजोबा पाहिजे," म्हणून रडायला लागली. माणसं बघायला लागली.

तिला उचलायचं, मोबाईल खिशात घालायचा आणि म्हणायचं, हे बघ आजोबा, हे इथं उभे आहेत. एवढंच करायचं होतं. मी केलं नाही. मी तिला गप्प करायच्या घाईत होतो, आणि लोक बघत होते.

काका आधी खाली बसले. जेवढा हाताला लागला तेवढा मूग वेचून खिशात टाकला. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि मला म्हणाले, "रडवू नका तिला. कुठं दाबायचं?"

मी दाखवलं. बोट धरून दाखवलं, इथं, या त्रिकोणावर.

त्यांनी दाबलं. मोबाईलमधले काका म्हणाले, "काय म्हणते मूग?" आणि मुलगी डोळ्यांत पाणी तसंच असताना मोबाईलला म्हणाली, "पास."

"झाला पास," काका म्हणाले. थोडा वेळ तेही बघत उभे राहिले. "चांगलं काढलंय. आईनं पाह्यला?"

"हो."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि मी म्हणालो, "थँक्यू काका." कुणी वाटेतली ढकलगाडी बाजूला घेतली की म्हणतो, तसं. हे थँक्यू मला अजून आठवतं आणि आठवलं की कानशिलं तापतात. बायकोला मी बाकी सगळं सांगितलं, हे नाही सांगितलं.

पुढच्या शनिवारी दुकान उघडायच्या वेळेलाच आम्ही मस्तगडात हजर होतो. मोबाईल मी मुद्दाम घरी ठेवला होता. वाटेत मुलीला दहा वेळा सांगितलं, आजोबांना भेटायचंय, परीक्षा आहे. ती उड्या मारत आली. दुकानात शिरून तिनं इकडेतिकडे पाहिलं. पालथ्या डब्याच्या जागी मिठाच्या पिशव्यांची थप्पी होती. मुगाचं पोतं उघडं होतं आणि निम्म्यावर आलं होतं.

"या साहेब," काका म्हणाले. इतके दिवस मी भाऊ होतो.

यादी दिली. त्यांनी वाचली आणि वाद न घालता माल काढायला लागले. जेवढा लिहिला तेवढा रवा, जेवढे लिहिले तेवढे पोहे. मुलगी पोत्यापाशी जाऊन म्हणाली, "हात घालू?"

"घाल की बाई," ते म्हणाले. रागानं नाही. रागानं म्हणाले असते तर मी पाय धरले असते. काट्यावरचा आकडा बघत म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या लेकराला म्हणावं तसं. तिनं हात घातला, मूठ काढली, वास घेतला आणि म्हणाली, "पास."

"बरं," काका म्हणाले. आणि मला, "अजून काय साहेब?"

मी म्हणालो, "काका, माझं चुकलं."

"काय चुकलं? काही न्हाई चुकलं. तुमचंही बराबर हाये, तुम्हाला कामं राहतात. माझ्याकडं लई वेळ जातो लोकांचा." गुळाची ढेप फोडता फोडता त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती पोत्यापाशी उभी होती, अजून काहीतरी विचारतील म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत. "लेकरू कंटाळून जाईल. द्या तिला मोबाईल, तवर मी सामान काढतो."

मोबाईल घरी ठेवून आलोय, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गूळ कागदात बांधायला घेतला. पंधरा मिनिटांत आमचं सगळं सामान झालं.